जागा आहे असं दिसतं, तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’: लिनक्सवर पुन्हा पुन्हा येणारा एरर मुळापासून कसा काढायचा

लक्षणं ओळखीची असतात. बिल्ड अर्ध्यात थांबतो. डेटाबेस नवीन नोंद घ्यायचं नाकारतो. पासवर्ड बरोबर टाकला तरी क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर येतो. टर्मिनल उघडून टॅब दाबला तर हिअर-डॉक्युमेंटसाठी तात्पुरती फाइल बनवता येत नाही, अशी तक्रार बॅश करतो. मग घाईघाईने दोन-चार मोठ्या फाइली उडवल्या जातात, काम सुरू होतं, आणि पंधरा दिवसांत तेच दुखणं परत येतं.

ते परत येतं, कारण कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, हा एकच एरर, ईएनओएसपीसी, क्रमांक २८, बऱ्याच वेगवेगळ्या कारणांनी येतो. डिस्कवरचे ब्लॉक (डेटा साठवायचे तुकडे) संपले तरी तोच, आयनोड (प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारे रकाने) संपले तरी तोच, आणि फाइलींवर लक्ष ठेवणाऱ्या वॉचची मर्यादा ओलांडली तरीही तोच. शेवटच्या प्रकारात डिस्क निम्मी रिकामी असते, त्यामुळे कितीही फाइली पुसल्या तरी उपयोग शून्य. म्हणून काय संपलंय हे कळेपर्यंत काहीही पुसू नका.

एक सूचना: कमांड, पाथ आणि आकडे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे. ‘मोठं अक्षर’ असं वेगळं सांगितलं नसेल तिथे पर्याय लहान अक्षरांतच आहेत.

आधी एरर नीट वाचा

‘डिस्क भरली’ या एका नावाखाली तीन वेगळे एरर खपून जातात. ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ म्हणजे तुमच्या खात्याला दिलेला कोटा संपला. डिस्क मोकळी असू शकते. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणजे फाइल सिस्टिममध्ये दोष सापडल्यामुळे कर्नलने लिहिणं बंद केलं असण्याची दाट शक्यता. तिथे साफसफाई करत बसू नका. आधी बॅकअप घ्या, मग डीमेसेज आणि स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघा.

तिसरा, ‘फाइल नेम टू लाँग’, मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना हमखास भेटतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. एकूण ८५ चिन्हांत नाव संपतं. जिथे जागा भरपूर आहे तिथेही लांब मराठी नावाची फाइल कॉपी होत नाही ती यामुळे.

निदान एका ओळीत

`डीएफ -एच /पाथ` ब्लॉक किती वापरले ते सांगतो, `डीएफ -आय /पाथ` आयनोड. दोन्ही एकत्र हवे असतील तर:

`डीएफ --आउटपुट=सोर्स,पीसेंट,आयपीसेंट,टार्गेट`

पाथ देताना मात्र जिथे लिहिणं अडलं तोच द्या. मुळावर, म्हणजे नुसत्या `/` वर, डीएफ चालवून ‘जागा आहे की’ म्हणणं ही नेहमीची चूक. `/व्हार`, `/बूट`, `/टीएमपी` वेगळ्या पार्टिशनवर असू शकतात आणि त्यातलं एकच भरलेलं असतं.

ब्लॉक १०० टक्के असतील तर पुढचा भाग वाचा. आयनोड १०० टक्के असतील तर थेट आयनोडच्या भागावर जा. दोन्ही ठीक असतील तर दोष वॉचचा, किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा.

लॉगिनच होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून साध्या कन्सोलवर या. उबुंटू-डेबियनवर `सूडो एपीटी क्लीन` हा श्वास घेण्यापुरती जागा करायचा सुरक्षित मार्ग. तो फक्त उतरवून ठेवलेली पॅकेजेस काढतो, जी पुन्हा कधीही मिळतात. आणि डिस्क पूर्ण भरलेली असताना `/एटसी` मधली कुठलीही फाइल एडिट करू नका. काही एडिटर मूळ फाइल आधी रिकामी करतात आणि मग लिहायला घेतात. लिहायला जागाच नसेल तर शून्य बाइटची फाइल मागे उरते, आणि ती एफएसटॅब (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) असेल तर पुढचं बूटही अडकतं.

ब्लॉक भरले असतील तर

`सूडो डीयू -एक्स -एच -डी १ / | सॉर्ट -एच`

यातला `-एक्स` विसरू नका. त्याने डीयू, म्हणजे फोल्डरनिहाय जागा मोजणारी कमांड, एकाच फाइल सिस्टिममध्ये राहतो. नाहीतर तो `/प्रॉक`, जोडलेली बाहेरची डिस्क, नेटवर्कवरचं फोल्डर सगळीकडे फिरून येतो आणि आकडे निरुपयोगी होतात. सूडोही हवाच, कारण वाचायची परवानगी नसलेली फोल्डर मोजली जात नाहीत. सर्वात मोठं फोल्डर दिसलं की त्यात शिरून तीच कमांड पुन्हा. एनसीडीयू बसवलेलं असेल तर `सूडो एनसीडीयू -एक्स /` हे काम बाणांच्या कळांनी करून देतं. ते आधीच बसवून ठेवा. डिस्क भरल्यावर पॅकेज बसवायलाही जागा नसते.

आता नेहमीचे जागाखाऊ. डेव्हलपरच्या मशीनवर पहिला नंबर बहुधा डॉकरचा, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाचा, लागतो.

`डॉकर सिस्टिम डीएफ` इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅश यांचा वेगळा हिशेब देतो. बिल्ड कॅश फुगली असेल तर `डॉकर बिल्डर प्रून --फिल्टर अनटिल=१६८एच` म्हणजे आठवड्याहून जुनी कॅश जाते, चालू कामाची राहते. `डॉकर सिस्टिम प्रून` ला `--व्हॉल्यूम्स` जोडायची सवय मात्र लावून घेऊ नका: त्या घडीला कुठल्याही कंटेनरला न जोडलेले व्हॉल्यूम त्यात उडू शकतात, आणि डेटाबेसचा डेटा बहुधा तिथेच असतो. `/व्हार/लिब/डॉकर/ओव्हरलेटू` मध्ये हाताने आरएम तर कधीच नको. डॉकरची स्वतःची नोंदवही आणि डिस्क यांचा मेळ बिघडला की शेवटी सगळं पुन्हा उभारावं लागतं.

डॉकरचं दुखणं परत येतं ते लॉगमुळे. मूळ सेटिंगमध्ये जेसन-फाइल हा लॉग ड्रायव्हर असतो आणि त्याला आकाराची मर्यादाच नसते. बडबड्या कंटेनरची एकच लॉग फाइल कितीही जीबीपर्यंत वाढू शकते, आणि ती `डॉकर सिस्टिम डीएफ` च्या हिशेबात सहज नजरेत येत नाही. उपाय `/एटसी/डॉकर/डीमन.जेसन` मध्ये: ‘लॉग-ड्रायव्हर’ ला ‘जेसन-फाइल’, आणि ‘लॉग-ऑप्ट्स’ मध्ये ‘मॅक्स-साइझ’ ला ‘१०एम’, ‘मॅक्स-फाइल’ ला ‘३’. यातला ३ सुद्धा अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. नुसता आकडा दिला तर डॉकर सुरूच होत नाही. याहून सोपं म्हणजे ‘लोकल’ ड्रायव्हर घ्या. तो स्वतःहून प्रत्येकी २० एमबीच्या ५ फाइलींवर थांबतो आणि जुन्या फाइली आक्रसून ठेवतो. दोन्हींत एक मेख आहे: डॉकर रीस्टार्ट केल्यावरही नवी मर्यादा फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरना लागते. जुने कंटेनर `डॉकर कंपोज अप -डी --फोर्स-रिक्रिएट` ने पुन्हा बनवावे लागतात. ही पायरी राहून गेली की ‘मर्यादा लावली तरी भरतंय’ असा अनुभव येतो.

मग सिस्टिमडीचं जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या लॉगचा साठा. `जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज` ने आकार कळतो. मुळात ते फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढतं. २० जीबीच्या छोट्या सर्व्हरवर २ जीबी लॉग ही चैनच. लगेच कमी करायला आधी `सूडो जर्नलसीटीएल --रोटेट` आणि नंतर `सूडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम`, यातला एम मोठा. रोटेट आधी हवं, कारण व्हॅक्यूम फक्त मिटलेल्या फाइली काढतं, चालू फाइलला हात लावत नाही. कायमचा उपाय `/एटसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ` मधल्या जर्नल विभागात सिस्टिममॅक्सयूज ही किल्ली २००एमवर (इथेही एम मोठा) ठेवून सिस्टिमडी-जर्नलडी रीस्टार्ट करणं.

उबुंटूवर हेच संदेश आरसिसलॉगही `/व्हार/लॉग/सिसलॉग` मध्ये लिहितं. एखादा ड्रायव्हर सेकंदाला शेकडो ओळी ओकत असेल तर ही फाइल आठवड्याच्या रोटेशनची वाट न बघता डिस्क भरते. लॉगरोटेटमध्ये `मॅक्ससाइझ २००एम` (एम मोठा) जरूर घाला, पण लॉगरोटेट स्वतः दिवसातून एकदाच चालतं, तेव्हा मर्यादाही दिवसातून एकदाच तपासली जाते. खरा इलाज म्हणजे `टेल` ने शेवटच्या ओळी बघून ओरडणारा कोण आहे ते शोधणं.

बाकीचे भराभर. फ्लॅटपॅकला `फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड`. आर्चवर `पॅककॅश -आर`, जो प्रत्येक पॅकेजच्या ३ आवृत्त्या ठेवून बाकी काढतो. त्याचा टायमर चालू केला की विषय संपला. क्रॅश झालेल्या प्रोग्रॅमचे डंप `/व्हार/लिब/सिस्टिमडी/कोरडंप` मध्ये साठतात. होममध्ये `.कॅश`, ग्रेडलची कॅश, रस्ट प्रोजेक्टमधली टार्गेट फोल्डर, आणि कचरापेटी, जी `.लोकल/शेअर/ट्रॅश` मध्ये असते. फाइल मॅनेजरमधून ‘डिलीट’ केलेलं सगळं तिथे शाबूत असतं.

`/बूट` वेगळं आणि लहान असेल तर जुने कर्नल ते भरतात. सरळ मार्ग `सूडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज`. पण कर्नल अर्धवट बसलेला असताना एपीटीच पुढे सरकत नाही, आणि लोक इथे अडकतात. अशा वेळी `युनेम -आर` ने चालू कर्नल कोणता ते बघा. तो सोडून सर्वात जुन्या कर्नलची इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारी) फाइल `/बूट` मधून `/रूट` मध्ये हलवा, पुसू नका. मग `सूडो एपीटी -एफ इन्स्टॉल`, त्यानंतर ऑटोरिमूव्ह. सगळं सुरळीत होऊन एकदा बूट झालं की हलवलेली फाइल काढा. फेडोरावर डीएनएफच्या सेटिंगमधली इन्स्टॉलओन्ली_लिमिट ही किल्ली मुळातच ३ कर्नल ठेवते. `/बूट` फार लहान असेल तर ती २ करा.

डेटाच्या मोठ्या पार्टिशनवर अजून एक छुपी जागा असते. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवतं. १ टीबीच्या डिस्कवर ते ५० जीबी होतात. फक्त फोटो किंवा बॅकअप असलेल्या पार्टिशनवर `सूडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/नाव` चालवा, लहान एम. पार्टिशन अनमाउंट करायचीही गरज नाही. ज्या पार्टिशनवर सिस्टिम आहे तिथे मात्र हा राखीव भाग राहू द्या. डिस्क भरल्यावर रूटला आत शिरून दुरुस्ती करता येते ती त्याच्याच जिवावर.

डीएफ भरलेलं दाखवतो, डीयूची बेरीज जुळत नाही

डीएफ म्हणतो ५० जीबी वापरले, डीयू म्हणतो १८. डीएफ फाइल सिस्टिमचा जमाखर्च वाचतो, डीयू एकेक फाइल मोजत जातो. मधले ३२ जीबी अशा ठिकाणी आहेत जिथे डीयूला जाता येत नाही.

पहिली शक्यता: पुसलेली, पण अजून कुणीतरी उघडी धरलेली फाइल. लिनक्समध्ये आरएमने फक्त नाव जातं. एखादी प्रोसेस ती फाइल उघडून बसली असेल तर ब्लॉक मोकळे होत नाहीत. चालत्या सर्व्हरचा लॉग आरएमने उडवला की नेमकं हेच घडतं.

`सूडो एलएसओएफ +एल१`

यात एल मोठा, आणि पुढे एक हा आकडा. ज्यांचं एकही नाव उरलेलं नाही अशा उघड्या फाइली आकारासकट दिसतात, सोबत प्रोसेसचा क्रमांक आणि फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या प्रोसेसने उघड्या फाइलला दिलेला आकडा. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा तत्काळ मोकळी. रीस्टार्ट परवडणार नसेल तर `सूडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/प्रोसेसक्रमांक/एफडी/डिस्क्रिप्टर`. डिस्क्रिप्टरच्या पुढे दिसणारं डब्ल्यू किंवा यू हे अक्षर सोडून फक्त आकडा घ्यायचा. हे फक्त लॉग फाइलींवर करा. डेटाबेसच्या फाइलवर केलंत तर डेटा गेलाच.

पुढच्या वेळी चालू लॉग आरएम करू नका, ट्रंकेट करा. लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट वापरा, किंवा रोटेशननंतर सेवेला नवी फाइल उघडायचा सिग्नल द्या. एनजिनएक्ससाठी तो यूएसआर१.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे: माउंट पॉइंटखाली, म्हणजे डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते त्याखाली, दबलेल्या फाइली. बॅकअपची बाहेरची डिस्क एके रात्री जोडलेली नव्हती. स्क्रिप्टने `/एमएनटी/बॅकअप` या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुळाच्या पार्टिशनवरच, सगळं ओतलं. सकाळी डिस्क जोडली आणि ती त्या फाइलींवर झाकणासारखी बसली. आता त्या कुणालाच दिसत नाहीत, जागा मात्र खातात. झाकणाखाली बघायचं तर:

`सूडो एमकेडीर /एमएनटी/मूळ`
`सूडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ`
`सूडो डीयू -एक्स -एच -डी २ /एमएनटी/मूळ | सॉर्ट -एच`

काम झालं की अनमाउंट करा. पुन्हा होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत `माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १` घाला. जोडीला, डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर `सूडो सीएचअ‍ॅटर +आय` चालवा. मग डिस्क नसताना तिथे रूटलाही लिहिता येत नाही, डिस्क माउंट झाल्यावर मात्र काही अडत नाही.

आयनोड संपले असतील तर

ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक आयनोड लागतो, आणि त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते: मुळात दर १६ केबीला एक. २० जीबीच्या पार्टिशनवर १३ लाखांच्या आसपास. फाइली लाखोंनी आणि आकाराने चिमुकल्या असल्या की जागा उरते, आयनोड उरत नाहीत. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस आयनोड लागतील तसे बनवतात, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

`सूडो डीयू --आयनोड्स -एक्स -डी ३ / | सॉर्ट -एन | टेल`

सापडतं ते बहुधा यांपैकी एक: पीएचपीची सेशन फोल्डर, क्रॉनच्या मेल साठलेलं `/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप`, किंवा डझनभर प्रोजेक्टमधली नोड_मॉड्यूल्स. लाखो फाइलींवर `आरएम *` चालत नाही, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ येतं. तिथे:

`सूडो फाइंड /फोल्डर -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट`

`-डिलीट` शेवटीच हवं. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. `-डिलीट` आधी आलं तर अट लागायच्या आत सगळं पुसलं जातं. पहिल्यांदा `-डिलीट` च्या जागी `-प्रिंट` घालून यादी डोळ्यांखालून घाला.

मेलड्रॉप परत भरू नये म्हणून क्रॉनटॅबच्या वर मेलटू ही किल्ली (मोठ्या अक्षरांत) रिकामी ठेवा. नोडसाठी पीएनपीएम बघा. तो प्रत्येक पॅकेजची फाइल एकदाच साठवून बाकी ठिकाणी हार्ड लिंक करतो, त्यामुळे ब्लॉक आणि आयनोड दोन्ही वाचतात. आयनोडची संख्या वाढवायची झाली तर पार्टिशन मोठं करून रिसाइझ२एफएस चालवा, किंवा `-आय ८१९२` देऊन नव्याने फॉरमॅट करा.

दोन्ही ठीक, तरी एरर

एडिटर किंवा वेबपॅक ‘सिस्टिम लिमिट फॉर नंबर ऑफ फाइल वॉचर्स रीच्ड’ म्हणत असेल तर डिस्कचा इथे संबंधच नाही. आयनोटिफाय, म्हणजे वॉच लावणारी कर्नलची सोय, आतली फोल्डर आपोआप धरत नाही, प्रत्येक फोल्डरला वेगळा वॉच लागतो. जुन्या कर्नलवर मर्यादा ८१९२ होती, ५.११ पासून ती रॅम बघून ठरते. चालू मर्यादा `/प्रॉक/सिस/एफएस/आयनोटिफाय/मॅक्स_यूजर_वॉचेस` मध्ये वाचा. `/एटसी/सिसकंट्रोल.डी` मध्ये डॉट कॉन्फ नावाची फाइल बनवून `एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस=५२४२८८` लिहा आणि `सूडो सिसकंट्रोल --सिस्टिम` चालवा. ६४ बिट मशीनवर एक वॉच साधारण १ केबी खातो, पण वापरला तरच. कंटेनरमध्ये हा एरर आला तर बदल होस्टवर करायचा. आणि मर्यादा वाढवण्याआधी एडिटरच्या वॉच यादीतून नोड_मॉड्यूल्स आणि टार्गेट वगळा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

`/टीएमपी` चं वेगळं बघा. फेडोरावर आणि डेबियन १३ पासून ते रॅममध्ये, टीएमपीएफएसवर असतं, आणि आकार साधारण रॅमच्या निम्मा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी. मोठा बिल्ड तिथे फुटत असेल तर त्या कमांडच्या आधी `टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी` लावा, किल्ली मोठ्या अक्षरांत.

बीटीआरएफएसवर डीएफवर विसंबू नका. `सूडो बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज /` मध्ये ‘डिव्हाइस अनअलोकेटेड’ शून्याजवळ आणि मेटाडेटा जवळजवळ भरलेला दिसला तर डेटासाठी वाटलेले अर्धे रिकामे गठ्ठे परत घ्यावे लागतात: `सूडो बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट -डीयुसेज=० /`, मग ५, मग १०, असं चढत जा. बॅलन्सलाही थोडी जागा लागते, म्हणून सुरुवात शून्याने. फाइली पुसूनही जागा वाढत नसेल तर त्या स्नॅपशॉटने, म्हणजे फाइल सिस्टिमच्या आधीच्या क्षणाच्या जपलेल्या प्रतीने, धरून ठेवल्या आहेत. `स्नॅपर लिस्ट` बघून जुने स्नॅपशॉट काढा, आणि स्नॅपरच्या सेटिंगमधली नंबर_लिमिट कमी करा.

इशारा आधी मिळावा म्हणून

वर दिलेली डीएफची एका ओळीची कमांड दर तासाला टायमरवर चालवा आणि ब्लॉक किंवा आयनोड, कोणताही आकडा ८५ च्या वर गेला तर निरोप पाठवा. निरोप त्याच डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहू नका. मेल किंवा चॅटवर जाऊ द्या. सर्व्हरवर `सूडो फॅलोकेट -एल २जी /व्हार/राखीव` अशी एक फाइलही ठेवा, जी मोठा. सगळं ठप्प झालं की ती पुसली की लगेच २ जीबी हाताशी येतात आणि शांतपणे निदान करता येतं. बीटीआरएफएसवर ही फाइल स्नॅपशॉट न होणाऱ्या वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये ठेवा, नाहीतर पुसल्यावरही ते २ जीबी स्नॅपशॉटकडेच राहतील.